वहीतले वार

मूल रोडवर, फाट्याच्या अलीकडे आमचं शेड.
केजव्हील, ट्रॉलीचे पाटे, मिलच्या चाळण्या,
ज्याला ज्याला जंग चढला ते इथे येतं
आणि राखाडी, कोवळं होऊन परत जातं.

निदान तसं जायला हवं.

आमची मशीन धड बंद पडत नव्हती.
पडली असती तर बरं होतं.
बंद पडलेल्याला एक कारण असतं,
अधूनमधून चालणाऱ्याला सतरा.

सकाळी धार अशी निघे
की लोखंड चर्र करून आपला खरा रंग सांगे.
दुपारी तीच धार खोकायची. थुंकायची. गप्प.
मग एकदम ओंजळभर काळा ग्रिट ट्रॉलीवर,
रुसलेल्या पोरानं ताट लोटावं तसा.

आधी नोझल काढला.
भोक पेन्सिलीएवढं हवं, करंगळी जात होती त्यात.
नवा आणला नागपूरहून, साडेतीन हजारांचा.
दोन दिवस मशीन राजासारखी चालली.
तिसऱ्या दिवशी ठसका.

नळी उलगडली, कुठे वळसा नव्हता.
ग्रिट चाळला:
एक बिडीचं थोटूक, एक चिंचोका, बाकी ठीक.
झडप बदलली. बेल्ट ताणला.
करंट कमी येत असेल म्हणून
लाईनमन बोरुलेला चहा पाजला.
त्यानं मीटर लावून दाखवलं, चारशे दहा.
"खोटं मशीन बोलते, वीज नाही," म्हणाला
आणि दुसरा चहा मागितला.

घनश्याम उस्ताद टाकीखालचा कॉक उघडायचे,
पाणी निघायचं.
कधी वाटीभर, कधी अर्धी बादली.
हेच कळेना. हवा तीच, महिना तोच,
पाण्याचा हिशोब रोज निराळा का?
ओल लागली की ग्रिटचा गोळा होतो,
भिजवलेल्या पोह्यांचा होतो तसा,
हे मला आयटीआयच्या पहिल्या वर्षापासून पाठ.
ओल येते कुठून, ते पुस्तकात नव्हतं.

म्हणून वही केली.
वार, वेळ, काटा कुठे, पाणी किती.
उस्ताद हसले,
"मशीनची कुंडली काढून राहिली का वं?"
मंगळवार ठसका. बुधवार ठसका.
गुरुवार बरी. शुक्रवार बरी. शनिवारी पुन्हा.
वही भरत गेली, मी रिकामीच.

फुलवंता गेडाम चहाचे ग्लास उचलायला आली.
वही तिच्या हाताखाली उघडी होती,
तिचं लक्ष वहीत नव्हतं, नाक वर होतं.
"आज उकड्याचा वास सुटला," म्हणाली,
"आज तुमची मशीन खोकलते का नाई, पाय."

मी मागे धावले.
भिंतीपलीकडे वाकुडकरांची मिल.
तिथे धान उकडतात, रोज नाही,
हौद भरेल तेव्हा.
जाळीतून पांढरी, गोडसर वाफ
सरळ आमच्या कॉम्प्रेसरच्या तोंडात जात होती
आणि तो मुकाट
पीत होता शेजाऱ्याची पेज.

चार इंची पाईप, वीस फूट, दोन कोपरे.
पत्र्याच्या वर, चिंचेच्या अंगाला
त्याचं नाक नेऊन ठेवलं.
मिलच्या मुनीमाला वहीतले वार दाखवले.
"धान कधी उकडायचं ते तुमची वही ठरवणार?"
नाही ठरवणार.
पण आता आदल्या संध्याकाळी
भिंतीवरून ओरडून सांगतो.

फुलवंताला म्हटलं, आधी का नाही बोललीस?
"तुमी इचारलं कुठं?"

आज केजव्हीलची सहावी जोडी.
धार सरळ, काटा सातवर, कॉकखाली चार थेंब.
चार वाजता एकदाच, बारीक,
घसा खाकरल्यासारखं झालं.
उस्तादांनी माझ्याकडे पाहिलं.
मी हवा हुंगली. डिझेल, चिंच, बाकी काही नाही.
वहीचं पान उलटलं
आणि वार लिहिला.